आधी नखाने बघायचं

४ फेब्रुवारी

तारेच्या व्यापाऱ्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेली ही डायरी आजवर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होती. आज ती बाहेर काढली आणि तिच्या जागी पुठ्ठा सारला. लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय. संग्रहालयाचं काम आम्हाला मिळालं!

चौकापलीकडचं ते जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय. तिथे दाराशी आता दुकान निघणार आहे. आतल्या कपाटांतल्या वस्तूंवरून सुचलेले चांदीचे दागिने त्यात ठेवायचे, सगळे हाताने घडवलेले. यंत्राचे नकोत, हे संग्रहालयाच्या बाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे यंत्रं दोनच, पॉलिशची मोटर आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यातलं घड्याळ बंद आहे.

माझ्या वडलांना, अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मला ठेवून घेतात का विचार. जुना आहे, हाताने घडवलेला आहे."

वहिनीने "बारके!" एवढंच म्हणून माझे दोन्ही हात धरले. चाळिशी उलटली, दारातून तिरकं व्हायची वेळ आली, तरी या घरात मी बारकीच. दादा गेल्यापासून तिचा चेहरा इतका उजळलेला बघितला नव्हता.

८ फेब्रुवारी

बाई आमची कार्यशाळा बघायला आल्या. कार्यशाळा म्हणायला बरं, आहे घराचीच पुढची खोली. गॅसच्या नळकांड्याजवळ माझं टेबल, खिडकीशी वहिनीचं, आणि मधल्या दाराचा पडदा सरकवला की पलीकडे अण्णांची खाट. अण्णांचे हात आता थरथरतात, त्यामुळे ते कामाला बसत नाहीत. पण रोज संध्याकाळी दिवसभराचं काम त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवावं लागतं. डोळे मिटून अंगठा फिरवतात आणि चूक असली तर बरोबर तिथेच थांबतात.

बाई बारीक, सावकाश बोलणाऱ्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्या वहिनीशेजारच्या स्टुलावरच बसल्या. वहिनी कड्या वळते, कानस मारते, झिलई करते. तिच्या टेबलावर जोड तापवायची बत्ती का नाही, असं त्यांनी विचारलं.

"लहानपणी स्टोव्ह भडकला होता," वहिनी म्हणाली आणि बाही थोडी वर केली. "काडी ओढायलाही हात होत नाही. बत्ती सगळी बारकीकडे."

"म्हणून तर चहासुद्धा विजेच्या किटलीत," मी म्हटलं. "आमच्या घरात आग लावायचं काम माझ्याकडे आहे."

बाई हसल्या. माणसं चांगली हसली की मला वाटतं काम मार्गी लागलं.

१७ फेब्रुवारी

गेला आठवडा संग्रहालयात चित्रं काढण्यात गेला. जुन्या कुलपावरून अंगठी, दौतीच्या झाकणावरून पदक, औषधवाल्याच्या तराजूच्या पारड्यांवरून कानातले. पण माझा जीव अडकलाय तो एका आकड्यात. जुन्या काळी झगा गळ्याशी बांधायला चांदीचे आकडे असायचे, त्यातला हा. दोन पक्षी समोरासमोर, एकाची चोच दुसऱ्याच्या चोचीत अडकते आणि झगा मिटतो. इतकी साधी गोष्ट इतकी देखणी कुणी केली असेल! त्या कारागिराच्या पाया पडावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की आपण याहून चांगला करू. हा माझा स्वभावच आहे.

काचेबाहेरून वजन कसं कळणार, असं मी पाच-सहादा म्हटल्यावर बाईंनी आज तो आकडा थोड्या दिवसांसाठी घरी न्यायला दिला. डबी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "हे नियमात बसत नाही. विश्वासावर देतेय. बघा, मोजा, चित्र काढा. घासू नका, तापवू नका."

"मी काय आज शिकायला लागलेय का?" मी म्हटलं.

१९ फेब्रुवारी

आकड्यातल्या डाव्या पक्ष्याची मान कधीतरी तुटून कुणीतरी जोडलेली आहे. जोड ओबडधोबड आहे आणि थोडा हलतो. वहिनीने भिंगातून बघितलं आणि म्हणाली, "करडा दिसतोय गं. कथील असेल."

आमच्या धंद्यातली पहिली इयत्ता ती. जुन्या वस्तूचा जोड दिसला की आधी नखाने ओरखडून बघायचं. मऊ लागला, करडा निघाला, तर ते कथील नाहीतर शिसं. त्याला आच दाखवायची नाही. चांदीचा जोड लागेल एवढी आच दिली की कथील आधी वितळतं आणि आजूबाजूची चांदी खात सुटतं, भोकं पडतात. मी सात वर्षांची असताना अण्णांनी माझं नख धरून शिकवलंय हे.

"असू दे, आपल्याला कुठे तापवायचाय," मी म्हटलं.

२ मार्च

आज डोकं दुखतंय. बाई आल्या होत्या. माझी कुलपाची अंगठी बघितली, "छान" म्हणाल्या. दौतीचं पदक बघितलं, "छान" म्हणाल्या. मग खिडकीपाशी गेल्या.

वहिनी मोकळ्या वेळात काहीतरी वळत बसलेली असते, मी लक्ष देत नाही. तराजूची पारडी ज्या साखळीला लटकतात ती साखळी तिने भिंगातून बघून बघून उलगडली होती. एकात एक नाही, तर प्रत्येक कडी आधीच्या दोन कड्यांतून जाते, त्यामुळे साखळी दोरासारखी वळते आणि कुठेच अडकत नाही. तिने मनगटभर करून ठेवली होती. बाईंनी ती हातावर घेतली. मग दोऱ्याने बांधलेला चष्मा काढून पुसला.

"हे कुणाच्या हातचं?"

"माझ्या," वहिनी म्हणाली, चोरी पकडल्यासारखी.

"दुकानात समोर हे ठेवायचं," बाई म्हणाल्या. "पहिलं हे दिसलं पाहिजे."

वहिनीचा मला अभिमान वाटला. घरातल्याच माणसाचं कौतुक झालं, वाटणारच. टोकं मात्र मीच जोडून देणार आहे, हे मी बाईंना सांगितलं, म्हणजे त्यांचा गैरसमज नको. संध्याकाळी अण्णांनी साखळीवर अंगठा फिरवला आणि कुठेच थांबले नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून फिरवला. माझी अंगठी बशीत तशीच राहिली.

३ मार्च

आज घाई झाली. दुसरं काही नाही. एवढ्या कामात घाई होणारच.

झालं ते असं. सकाळी ठरवलं की आकड्याची प्रतिकृती नुसत्या चित्रावरून नको, मेणात ठसा घेऊन करावी, म्हणजे पिसान् पीस येईल. दुकानात समोर ठेवण्यासारखी वस्तू होईल. ठसा घ्यायचा तर हलणारी मान आधी पक्की हवी. चिमूटभर आच, जोड धरायला थोडा टाकणखार, संपलं. बाईंनाही बरंच वाटेल, मोडका दिला आणि नीट होऊन आला.

मी बत्ती पेटवली तेव्हा वहिनी खिडकीशी बसून म्हणाली, "बारके, नखाने बघितलंस का?"

"आता तू मला शिकव," मी म्हटलं. वहिनी किटली भरायला आत निघून गेली.

नखाने बघितलं नव्हतं.

मान आधी घामेजल्यासारखी झाली. मी बत्ती बाजूला केली, पण तोवर ते करडं पाणी छातीकडे उतरलं होतं. चांदी खाल्ली जाताना आवाज येत नाही. मानेच्या जागी काळं भोक, छातीवर तीन-चार लहान. चोच चिमट्यातच राहिली.

पडद्याआडून अण्णा म्हणाले, "कथील जळल्याचा वास येतोय."

"शेजारी रंग चाललाय, अण्णा."

"असेल," अण्णा म्हणाले.

पक्षी डबीत ठेवला, चोच शेजारी ठेवली. डबी खणात. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा मी अंगठी घासत होते. तिने कप ठेवला, माझ्या टेबलावरची राख फडक्याने पुसली आणि आपल्या जागी जाऊन बसली. तिला काही कळलं नाही, देवाची कृपा.

४ मार्च

आज अण्णांच्या मांडीवर काम नेऊन ठेवलं तर त्यांनी बशी बाजूला सारली. हल्ली त्यांना कंटाळा येतो. वय झालं.

जेवण जात नाही. सारखं वाटतं की मी अमुक म्हणेन, बाई तमुक म्हणतील. जोड आधीच कच्चा होता, हे तर खरंच आहे. तो कथलाने जोडणाऱ्या माणसाचा गुन्हा पहिला. तो मेला असेल म्हणून काय झालं?

७ मार्च

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

बाई न कळवता आल्या. जाहिरातीसाठी वस्तूंचे फोटो काढायचे होते, आकडा न्यायचा होता. मी खण उघडला. दुसरं काय करणार होते? त्यांनी डबी उघडली. पॉलिशची मोटर तेवढी चालू होती.

"हे कसं झालं?"

मी तोंड उघडलं. जोड कच्चा होता, असं सुरू करायचं ठरवलं होतं. तोंडातून "जोड" एवढंच आलं.

"माझ्याकडून झालं," वहिनी खिडकीशी बसून म्हणाली. "मी जोडायला गेले."

बाई वळल्या. "तुम्ही?"

"हो."

"बत्तीने?"

"हो."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग टेबलावरच्या किटलीकडे, मग माझ्याकडे. मी मोटर बंद करायला उठले. मोटर चालू ठेवून बोलणं बरं दिसत नाही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग यापुढे या कामाला यांचा हात नको. साखळीही नको." आणि मला विचारलं, "तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

नशीब म्हणायचं की स्टोव्हची ती गोष्ट बाईंना आठवली नाही.

८ मार्च

काल झोप लागली नाही. सकाळी शांत डोक्याने विचार केला. वहिनी आपणहून बोलली, मी तिला सांगितलं नव्हतं. काम माझ्या नावावर आहे. माझ्यावरचा विश्वास गेला असता तर अख्खं कामच गेलं असतं आणि वहिनीचंही त्यात गेलं असतं. तिने हा विचार केला असणार, ती शहाणी आहे. म्हणजे तसं बघितलं तर दोघींनी मिळूनच घर वाचवलं.

हे लिहून झाल्यावर वाचून बघितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असतात का?

तिचे आभार मानायला गेले. ती कड्या वळत नव्हती. तिच्या टेबलावर काही नव्हतंच. मी म्हटलं, "वहिनी, काल..." ती म्हणाली, "अण्णांच्या गोळ्या संपल्यात, आणायला जाऊ का?" मी म्हटलं जा.

१३ मार्च

तिला कामच नाही. डबे पुसते, तारा लांबीप्रमाणे लावून ठेवते, लावलेल्या पुन्हा लावते. मी समोर बत्ती धरून बसते आणि तिच्याकडे बघणं टाळते. दादा गेल्यावर तिच्या माहेरचे न्यायला आले होते, तेव्हा तीच म्हणाली होती, माझं टेबल इथे आहे. अण्णा तेव्हा रडले होते.

मला लाज वाटते. साधी, सरळ लाज. उद्या बाईंना सांगून टाकते.

१४ मार्च

नाही सांगितलं. बाई घाईत होत्या.

१८ मार्च

वहिनीने नोकरी धरली. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात, फ्रेमा दुरुस्त करायला. बारीक स्क्रू, बारीक बिजागऱ्या, तिच्या हातचं काम. तयार होऊन दारात उभी राहिली तेव्हा मला सांगितलं.

"अगं, पण इथलं?" मी विचारलं.

"इथे काय आहे माझं?" ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखी.

तिची बारीक चोचीची पक्कड, अण्णांनी तिला पहिल्या वर्षी करून दिलेली, टेबलावरच आहे. म्हणजे येईल परत. हत्यार मागे ठेवून कारागीर जात नाही.

२७ मार्च

चित्रावरून पक्ष्यांचा आकडा नव्याने घडवला. चांगला झालाय. माझ्या आयुष्यात याहून चांगलं काम झालेलं नाही, आणि त्याच्याकडे बघवत नाही.

बाई घेऊन गेल्या. त्यांच्या चष्म्याला आता दोरा नाही, काडी सरळ बसलीय. मी म्हटलं, "नवा घेतलात वाटतं?" म्हणाल्या, "नाही, तोच. चांगल्या हातात दिला." त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मी काही बोलेन अशा. मला वाटलं पावती हवी असेल. ती दिली.

५ एप्रिल

अण्णांना वहिनीशिवाय करमत नाही. ती संध्याकाळी येते, त्यांच्याजवळ बसते, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवते. एक म्हातारे रोज येतात आणि चष्मा हरवला म्हणून सांगतात, तो त्यांच्या डोक्यावर असतो. पडद्याआड दोघं खोखो हसत असतात. मी बाहेर असते. मला कुणी बोलवत नाही असं नाही, मीच जात नाही.

आज अण्णांनी विचारलं, "बारके, तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"सहज," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले.

१५ एप्रिल

दुकान पुढच्या आठवड्यात उघडणार. आज मांडणी बघायला गेले. आत, पहिल्याच कपाटात, बाईंनी तो जळका पक्षी ठेवलाय. भोकासकट, चोच शेजारी. मी घडवलेला आकडा त्याच्याजवळ.

"हा कशाला ठेवलात?" मी विचारलं.

"आमच्याकडची वस्तू आहे. बिघडली म्हणून लपवत नाही आम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी एक कोरं कार्ड माझ्या हातात दिलं. "याच्यावरचा मजकूर तुम्ही लिहून द्या. काय झालं ते तुम्हालाच नीट माहीत."

१६ एप्रिल

सकाळपासून तेच कार्ड. "दुरुस्तीच्या वेळी खराब झाला." "जुना जोड वितळून नुकसान झालं." सगळं खरं आहे आणि कुठल्याच वाक्यात मी नाही. एकदा "कार्यशाळेत" असंही लिहून बघितलं. म्हणजे वाचणाऱ्याने कुठलीही बाई मनात धरावी. खिडकीशी बसलेली धरली तरी हरकत नाही. कागद फाडला.

वहिनीच्या टेबलावर पक्कड तशीच आहे. तिच्यावर धूळ बसलीय. ती पुसायला गेले आणि हातात घेऊन तिच्या स्टुलावर बसले. तिथून माझं टेबल किती स्पष्ट दिसतं! बत्ती, चिमटा, माझे हात, सगळं. नखाने न बघता मी बत्ती पेटवली, हे बघूनच ती आत गेली होती. राख पुसली तेव्हाच तिला माहीत होतं, आणि मी इथे लिहून ठेवलंय, देवाची कृपा. मांजर डोळे मिटून दूध पितं ते तरी पोटासाठी पितं.

१७ एप्रिल

सांगितलं.

आधी बाईंना. त्या पायऱ्या चढत होत्या, तिथेच गाठलं, नाहीतर पुन्हा परत आले असते. म्हटलं, "पक्षी वहिनीने जाळला नाही. मी जाळला. नखाने न बघता."

"हो," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ज्या बाई काडी ओढत नाहीत त्या बत्ती कशी धरतील?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मला चक्क राग आला. आता त्याचंच हसू येतं.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला," बाई म्हणाल्या. "चालेल का, म्हणून. मला वाटलं आता तरी बोलाल. तुम्ही चालेल म्हणालात. मग काय करणार, त्या चष्म्याच्या दुकानात लागल्या, त्याच आठवड्यात मी माझा चष्मा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि माफी मागितली. माझंही चुकलंच. तुमची परीक्षा घ्यायला त्यांचं काम बंद केलं मी."

तिथून चष्म्याच्या दुकानात. वहिनी कुणाच्या तरी कानामागे काडी वाकवून बघत होती. मी गिऱ्हाइकासमोरच सुरू केलं. तिने हात वर करून थांबवलं, ते काम पुरं केलं, गिऱ्हाइकाला आरशात बघायला लावलं, आणि मग मला बाहेर फळीवर घेऊन बसली. मी सगळं सांगितलं, रडले, माफी मागितली. ती ऐकत होती.

"तू का बोललीस तसं?" मी विचारलं.

"पडद्याआड अण्णा होते. त्यांची पोर नखाने न बघता आच देते, हे त्यांना असं परक्यासमोर कळू नये असं वाटलं. तोंडातून निघून गेलं." ती थांबली. "आणि मला वाटलं, तू पाठोपाठ बोलशील. नाही गं वहिनी, मी केलं, असं. वाटच बघत होते मी. तू मोटर बंद करायला उठलीस."

तिने रुमाल दिला. तिच्या रुमालाला चष्मे पुसायच्या पाण्याचा वास येत होता.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "हात थरथरतात माझे. नाकाला काय झालंय?"

१८ एप्रिल

कार्ड लिहिलं आणि देऊन आले. "हा आकडा नव्याने घडवायला मागून आणला, तेव्हा घाईत नखाने न बघता जुन्या जोडाला आच दिली. त्यात हा जळला." खाली माझं पूर्ण नाव आणि कारागीर असा शब्द. बाईंनी वाचलं आणि कपाटात लावलं. लोक वाचतील. वाचू देत.

२४ एप्रिल

आज दुकान उघडलं. बरीच माणसं आली. मी माझ्या वस्तूंपाशी थांबले नाही, त्या कपाटापाशी थांबले. एका मुलीने आईला विचारलं, "हिचं नाव का लिहिलंय?" आई म्हणाली, "हिने तो जाळला म्हणून." मी शेजारीच होते.

समोरच्या काचेत जागा रिकामी होती. साखळीसाठी, बाई म्हणाल्या. त्यांनी वहिनीला आता वेगळं, तिच्या नावावर काम दिलंय. ती नोकरी सोडणार नाही. सुटीच्या दिवशी वळणार, वरच्या तिच्या खोलीत.

म्हणजे खिडकीशी नाही. मी म्हटलं, छान. आणि घरी येऊन रडले.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी वहिनी खाली आली. आधी तिने टेबलावरची पक्कड उचलून पिशवीत टाकली. मी बघितलं. मग ती स्टूल ओढून माझ्या टेबलापाशी बसली.

"कार्ड वाचलं तुझं," ती म्हणाली. "घाईत, असं लिहिलंयस."

"हो."

"तुला घाई नव्हती, बारके."

मी ही डायरी मागे उलटून बघितलेली आहे. तीन मार्चला पहिल्याच वाक्यात घाई आहे. बाईंसमोर घाई, अण्णांसमोर घाई, काचेच्या कपाटात घाई. वहिनी माझ्याकडे बघत होती आणि या वेळी मोटर बंद होती.

"तुझा हेवा वाटला होता," मी म्हटलं. "साखळीचा. अण्णांनी दोनदा अंगठा फिरवला त्याचा. तू नखाने बघ म्हणालीस म्हणूनच नाही बघितलं मी."

"माहितीये," वहिनी म्हणाली. "तू म्हणतेस का ते बघत होते."

मग तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली साखळी काढली. गळाभर झालीय आता, दोरासारखी, हातातून पाण्यासारखी उतरते. दोन्ही टोकं मोकळी होती.

"टोकं कोण जोडणार?" ती म्हणाली. "मी काही बत्तीला हात लावायची नाही. बाईंना म्हटलं, एक ओळखीची आहे, पण तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

मी बत्ती पेटवायला हात पुढे केला आणि थांबले. तार माझ्याच हातची होती, मीच ओढलेली, त्यात कथील असायचं काही कारण नव्हतं. तरी टोक उचललं आणि तिच्यासमोर नखाने ओरखडलं. मग दुसरं. टणक, पांढरं. ती भिंग लावून बघत होती.

"लाव," वहिनी म्हणाली. बत्ती पेटली तेव्हा तिने स्टूल थोडं मागे सरकवलं, पण उठली नाही.

पडद्याआडून अण्णांचा आवाज आला, "आज वास नाही."

"नाही, अण्णा," मी म्हटलं. साखळी गार झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्याच मांडीवर नेऊन ठेवली.